काळ्या मातीत चारही चाकांची ओढ

वर्धा जिल्ह्यात ट्रॅक्टरची नवलाई कधीच संपली. सेलू असो, देवळी असो की हिंगणघाट, उन्हाळी नांगरटी ट्रॅक्टरनेच होते, पंजी आणि रोटाव्हेटर तासाच्या भाड्याने मिळतात, सोयाबीनची मळणी यंत्रावर होते. पण मृगाचा पाऊस पडून पीक चार पानांवर आले की हाच ट्रॅक्टर धुऱ्याशी थांबतो आणि डवरणीसाठी, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढण्यासाठी, बैलजोडीची शोधाशोध सुरू होते. बैलजोड्या वर्षागणिक घटत आहेत, सालदार मिळत नाही, चारा महाग आहे, म्हणून जोडीचे भाडेही चढत जाते. वर्षातले जे काम वेळेवर झालेच पाहिजे, नेमके त्याच कामाला यंत्र उपयोगी पडत नाही, अशी ही अडचण आहे. तिचे उत्तर बहुतेक वेळा 'आणखी मोठा ट्रॅक्टर' किंवा 'आणखी अनुदान' असे दिले जाते. माझे म्हणणे असे की या जिल्ह्याला अश्वशक्ती कमी पडलेली नाही. कमी पडते ती ओल्या काळ्या मातीत हलक्या वजनाने धरता येणारी पकड. ही पकड कशी मिळवायची, याचे सर्वांत चांगले धडे जगभरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या कोठारात आणि गोठ्यात जोडून बनवलेल्या यंत्रांनी दिले आहेत, आणि त्या धड्यांचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

आधी मातीबद्दल. वर्धा, यशोदा, धाम, बोर आणि वणा या नद्यांच्या खोऱ्यांतली भारी काळी जमीन चिकणमातीने भरलेली असते. पाणी मिळाले की फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, जोराच्या पावसानंतर लोण्यासारखी. या दोन टोकांच्या मधला वाफसा हाच काय तो कामाचा काळ. भारी रानात पावसाची उघडीप थोडी असेल तर हा काळ दोन-तीन दिवसांचाही ठरतो. इथल्या जुन्या शेतीने या स्वभावाशी जमवून घेतले होते. दरवर्षी नांगर घालण्याची पद्धत नव्हती. वखराच्या पाळ्यांवर मशागत व्हायची आणि कुंदा, हराळी, कांस माजले की काही वर्षांनी एकदा खोल नांगरट. त्या वेळी मात्र एका जोडीचे काम नसायचे. जड लाकडी नांगराला दोन, तीन, कधी चार जोड्या एकामागे एक जुंपाव्या लागत. आर्वी, आष्टी, कारंजाकडचा गवळाऊ बैल चपळ आणि चालीला वेगवान, पण अंगाने फार अवजड नाही. एका शेतकऱ्याकडे इतक्या जोड्या नसत, म्हणून सावडीने काम चाले. दोन मध्यम ताकदींना एका ओळीत जोडून मोठी ओढ निर्माण करायची, ही कल्पना इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागली नाही. दुसरी एक गोष्ट सहज नजरेआड होते. एका बैलजोडीचे आठही पाय जमिनीला रेटा देतात, फुकट ओझे वाहणारा पाय त्यात एकही नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा या आठ पायांच्या जागी रेटा देणारी दोनच चाके आली, आणि पुढची दोन चाके मातीत रुतून उलट अडथळा करू लागली.

हीच अडचण इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात होती. तिथली चिकणमाती जड आहे आणि 1950 च्या दशकात तिथे बाजारात मिळणारा नेहमीचा ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या आसपास अडकला होता. पट्ट्यांवर चालणारी क्रॉलर यंत्रे पकड देत, पण ती मंद चालत आणि रस्त्यावर नेता येत नसत. 1957 च्या सुमारास जॉर्ज प्रायर या शेतकऱ्याने दोन फोर्डसन मेजर ट्रॅक्टरांचे पुढचे आस आणि चाके काढून टाकली, एकाचे तोंड दुसऱ्याच्या पाठीला फिरत्या सांध्याने जोडले आणि वळवण्यासाठी हायड्रॉलिक दट्टे लावले. चालक मागच्या ट्रॅक्टरवर बसे. दोन इंजिने, चार मोठी चाके आणि चारही ओढणारी. अर्नेस्ट डो अँड सन्स या स्थानिक विक्रेत्याने ही रचना उचलली, तिला रूप दिले आणि 'डो ट्रिपल-डी' या नावाने ती विकली. अशी यंत्रे तीनशेच्या आसपास बनली. दोष होतेच. गिअर दोन्हीकडे वेगळे बघावे लागत, लांबी अडचणीची होती, एक इंजिन रुसले तर दुसऱ्यावर सगळा भार. तरीही शंभर अश्वशक्तीची ओढ चिखलात उतरवण्याचा मार्ग त्या काळी एका शेतकऱ्याने दाखवला, कारखान्याने नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या स्टायगर बंधूंची गोष्ट याहून बोलकी आहे. डग्लस आणि मॉरिस यांनी वडिलांच्या मदतीने 1957-58 च्या हिवाळ्यात गाईंच्या गोठ्यात स्वतःचा चार चाकी ओढीचा ट्रॅक्टर बांधला. भाग बहुतेक मोठ्या ट्रकांचे आणि जुन्या यंत्रांचे. यंत्र मधोमध मोडून वळणारे आणि चारही चाके सारख्या मापाची. शेजाऱ्यांनी बघितले, मागणी आली, आणि त्या गोठ्यातून पुढे एक कंपनी उभी राहिली. याच सुमारास, 1959 साली, जॉन डिअरसारख्या बलाढ्य कंपनीने 8010 हा दोनशेहून अधिक अश्वशक्तीचा चार चाकी ओढीचा ट्रॅक्टर दाखवला. त्याच्या गिअरपेटीने दगा दिला आणि विकलेली बहुतेक यंत्रे परत मागवून दुरुस्त करावी लागली. कारखानदारांना ही कल्पना अगदीच नवी होती असेही नाही. इटलीत पावेसीने पहिल्या महायुद्धाच्या काळातच मधोमध वळणारा चार चाकी ओढीचा ट्रॅक्टर केला होता आणि मॅसी-हॅरिसने 1930 मध्ये चार सारख्या चाकांचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. त्याची विक्री बेताचीच झाली. म्हणजे कल्पना होती, अभियंते होते, भांडवल होते. अमुक मातीत, अमुक कामाला, अमुक वजनात ही कल्पना बसवायची कशी, याचे उत्तर मात्र शेतातून आले.

यावर पहिला आक्षेप असा की ही जोडयंत्रे टिकली कुठे? मोठे कारखानी ट्रॅक्टर आल्यावर ती दहा-पंधरा वर्षांत मागे पडली. हे खरे आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ती मागे पडली कारण त्यांतले तत्त्व कारखान्यांनी आत्मसात केले. आज गव्हाच्या अफाट शेतांवर चालणारे, मधोमध वळणारे महाकाय ट्रॅक्टर हे त्याच घरगुती यंत्रांचे वंशज आहेत, आणि स्टायगर हे नाव आजही केस आयएच कंपनीच्या ट्रॅक्टरवर आहे. अशा यंत्रांचे यश मोजायचे तर त्यांनी कोणता प्रश्न सोडवून दाखवला हे बघावे लागते. ती किती वर्षे बनली, हा हिशेब इथे गौण आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हजार एकरांच्या शेतासाठी बनलेल्या यंत्रांशी वर्ध्याच्या शेतकऱ्याचा काय संबंध? 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी धारणा 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. इथे दोन ट्रॅक्टर जोडून काय करायचे? उत्तर तत्त्व आणि आकार यांच्या फरकात आहे. साध्या दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के वजन उभ्या स्थितीत मागच्या चाकांवर असते, आणि पकड फक्त तेवढ्याच वजनातून मिळते. उरलेले वजन पुढची चाके नुसती वाहून नेतात. ओल्या जमिनीत मागची चाके घसरू लागली की चालक दोनच गोष्टी करू शकतो, वजन वाढवणे किंवा थांबणे. वजन वाढवले की काळी माती खाली दाबली जाते, पाणी मुरत नाही, पुढच्या वर्षी अधिक खोल नांगरट लागते आणि त्यासाठी आणखी जड ट्रॅक्टर. चारही चाकांना ओढ दिली की सगळ्या वजनाची पकड होते, आणि म्हणून तेवढ्याच कामाला हलके यंत्र पुरते. एसेक्स आणि मिनेसोटातल्या शेतकऱ्यांनी हे तत्त्व मोठ्या ओढीसाठी वापरले. तेच तत्त्व उलट्या बाजूने धरले तर लहान शेतासाठी ते अधिक मोलाचे ठरते. पन्नास अश्वशक्तीचा नेहमीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. अठरा-वीस अश्वशक्तीचा चार चाकी ओढीचा लहान ट्रॅक्टर पाऊण-एक टनात बसतो. तो खोल नांगरटीला अपुरा पडेल, पण वखरपाळी, पेरणी आणि डवरणी ही इथल्या वर्षभराच्या वाहीतली बहुतेक कामे उथळ आहेत.

मग भारतात दोन चाकी ओढच का रुजली? स्वातंत्र्यानंतर सरकारने पहिला मोठा प्रयोग केला तो क्रॉलरचा. 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले ते कांस माजलेल्या आणि पडीक जमिनी मोडण्यासाठी लागणाऱ्या यंत्रांकरता. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने ही यंत्रे चालवली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात वर्धा जिल्हाही मोडत होता, पण कांसाचा मोठा वेढा सागर-भोपाळकडे होता आणि काम मुख्यतः तिकडे झाले. यंत्र योग्य होते, कारण पट्ट्यांवर वजन पसरते आणि पकड पूर्ण मिळते. पण ते सरकारी खात्याचे यंत्र होते, गावाचे नव्हते. पुढे 1959 मध्ये फरीदाबादहून आयशरचा ट्रॅक्टर आला, नंतर टॅफे, महिंद्र, एस्कॉर्ट्स, स्वराज. ही सगळी दोन चाकी ओढीची, स्वस्त, साधी, गावात दुरुस्त होणारी यंत्रे होती आणि त्यांनी देशाचे मोठे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांचा आकार ठरला तो पंजाब-हरियाणाच्या गाळाच्या जमिनी आणि ट्रॉलीची वाहतूक डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याकडेही ट्रॅक्टरचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते. रस्त्यावरच्या ओढीला मागची दोन चाके पुरतात, पावसाळ्यातल्या शेताला पुरत नाहीत. मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी कंपनीने आणलेला लहान चार चाकी ओढीचा ट्रॅक्टर नाशिककडच्या द्राक्षबागांत खपला, कारण बागाईतदाराला ओळींमधून जाणारे यंत्र हवे होते आणि ते घेण्याची ऐपत होती. कोरडवाहू पऱ्हाटीच्या मालकालाही नेमके ओळींमधून जाणारे यंत्र हवे आहे. ऐपतीचा प्रश्न मात्र तिथेच अडतो.

या कोरडवाहू शेतकऱ्याने हात बांधून वाट बघितली असे नाही. विदर्भातल्या गावांत सायकल डवरा सर्रास दिसतो: जुन्या सायकलचे चाक, तिचेच हँडल, मागे डवऱ्याची पास. एक माणूस तो ढकलत तासाने जातो. तो बनवण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणचे वेल्डिंगचे दुकान पुरते. त्याच्या पुढची पायरी मोटारसायकलची. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात, आपल्यासारख्याच काळ्या मातीच्या आणि कपाशीच्या प्रदेशात, मनसुखभाई जगानी यांनी 1994 च्या सुमारास रॉयल एनफिल्ड बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आस आणि अवजारांची दांडी बसवली. 'बुलेट सांती' या नावाने ते यंत्र ओळखले गेले आणि पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या पाठबळाने त्याला अमेरिकेतले पेटंटही मिळाले. महाराष्ट्रातही मोटारसायकलला डवरे किंवा कोळपे जोडण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. या यंत्रांचे कौतुक करताना त्यांची मर्यादा लपवू नये. मोटारसायकलच्या इंजिनाला हवेचा झोत लागतो, डवरणीच्या मंद चालीत ते तापते, क्लच लवकर जातो, आणि ओल्या रानात तिचीही ओढ मागच्याच चाकांवर असते. म्हणजे हलकेपणाचे अर्धे गणित शेतकऱ्याने सोडवले आहे, पकडीचे अर्धे राहिले आहे. हे उरलेले अर्धे एकट्या वेल्डिंगवाल्याच्या आवाक्यातले नाही. पुढच्या आसाला ओढ द्यायची तर वळताना झुकणारा सांधा, गिअरांचे अचूक गुणोत्तर आणि मजबूत डिफरन्शियल लागते. इथे मदत हवी ती संस्थांची.

आणि संस्थांच्या बाबतीत वर्ध्याइतका भाग्यवान जिल्हा विरळा. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे मगनवाडीत सुरू झाला, 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडले, सेवाग्रामला गांधीजी होते, आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था (एमगिरी) आहे, दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. पण नेमका याच परंपरेतून तिसरा आक्षेप येतो. ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांची भूमिका ट्रॅक्टरच्या विरोधात होती: बैल शेण देतो, गावचा चारा खातो, गावातच जन्मतो. ट्रॅक्टर शेण देत नाही, तेल बाहेरचे पितो आणि माणसाचे काम हिरावतो. 1950 नंतर पवनारला विनोबांनी ऋषिखेतीचा प्रयोग केला, तोही हातांच्या बळावर. या युक्तिवादाला मी जुना म्हणून बाजूला सारणार नाही. शेणखताची उणीव आज काळ्या रानात उघड दिसते. पण कुमारप्पांपुढची निवड बैल की ट्रॅक्टर अशी होती. आज गायरान आटले आहे, कडबा देणारी ज्वारी सोयाबीनपुढे हटली आहे, आणि बैल टिकवण्याची किंमत दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला झेपत नाही. आता निवड आहे ती कोणत्या यंत्राची. कुमारप्पांच्याच कसोट्या लावल्या, म्हणजे यंत्र गावात दुरुस्त होते का, मालक त्याचा गुलाम होतो का, ते जमिनीचे भले करते का, तर गावातल्या भागांतून जोडलेले हलके यंत्र बँकेच्या कर्जावर आलेल्या जड ट्रॅक्टरपेक्षा उजवे ठरते. निंदणाऱ्या बायांच्या मजुरीचा मुद्दा मात्र उरतो आणि तो खरा आहे. तरी तिथे यंत्राहून मोठा वार तणनाशकाने केला आहे. तासांमधले तण डवऱ्याने वेळेवर निघाले तर फवारणी टळते आणि ओळीतले निंदण शिल्लक राहते. हलक्या डवरणी यंत्राच्या बाजूने मला हे कारण सर्वांत बळकट वाटते.

भाडेकेंद्रांमुळे मालकीचा प्रश्न सुटेल असाही एक विश्वास आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजार बँका उभ्या राहिल्या आणि नांगरटीला त्या उपयोगी पडल्या. पण डवरणीला अख्ख्या गावाचा वाफसा एकाच दिवशी येतो. पन्नास शेतकऱ्यांच्या रांगेत पहिल्याचे पीक वाचते, शेवटच्याच्या रानात तोवर गवत गुडघ्याला लागते. शिवाय जड ट्रॅक्टर शेतापर्यंत पोहोचायला पांदण लागते, आणि पावसाळ्यात इथल्या कितीतरी पांदणी नुसता चिखल असतात. फसलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून काढावा लागतो. ही साखळी म्हणजे नाइलाजाची जोडगाडीच. पांदण रस्त्यांच्या योजना झाल्याच पाहिजेत, पण चिखलातून स्वतःच्या बळावर जाणारे हलके यंत्र प्रत्येक चार-पाच घरांमागे असणे ही वेगळी आणि लवकर होण्यासारखी गोष्ट आहे. जुनी सावड या आकाराच्या मालकीला अगदी बेतशीर बसते.

सुरक्षिततेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. घरी जोडलेल्या यंत्राला ब्रेक पुरते नसतात, फिरते दांडे उघडे असतात, उतारावर ते उलटू शकते. अनुदान मिळते ते बुदनीसारख्या केंद्रांत तपासलेल्या यंत्रांनाच, आणि ही अट चुकीची नाही. चूक आहे ती मधली पायरी नसण्यात. आज एखाद्या कारागिराने चांगले यंत्र जोडले तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: लाखोंचा खर्च करून पूर्ण चाचणी घेणे किंवा नियमांच्या बाहेर राहणे. त्या दोन वाटांमध्ये जिल्हा पातळीवरची तपासणी हवी. फक्त शेतात चालणाऱ्या, ठरावीक वेग आणि वजनाच्या आतल्या यंत्रांसाठी ती असावी. ब्रेक, झाकणे, उलटण्यापासून बचाव आणि इंजिन तत्काळ बंद करण्याची सोय एवढे तरी तीत बघितले जावे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि वर्ध्यातल्या संस्था मिळून हे करू शकतात.

अशा कामाचा नमुनाही घरचाच आहे. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वापरणाऱ्याच्या झोपडीतून निघालेल्या होत्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत, बांधणी भारतात, चालवायला हात किंवा पाय, टिकाऊपणा वीस वर्षांचा, वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ठरावीक टक्क्यांच्या आत. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, पण किर्लोस्करांसारख्या कारखानदारानेही त्या अटींपुढे आपले यंत्र मांडले. यंत्राने माणसाला काय द्यावे हे आधी लिहायचे आणि मग रचनेला हात घालायचा, असा तो क्रम होता. काळ्या मातीच्या यंत्रासाठी तशा अटी आज लिहिता येतील. वजन टनाच्या आत. चारही चाकांना ओढ. सोयाबीनच्या दीड फुटी तासांतून आणि कमरेइतक्या पऱ्हाटीतून रोप न मोडता जाण्याजोगी चाके आणि उंची. निम्म्याहून अधिक भाग तालुक्याच्या गावी मिळणारे. एका बैलजोडीच्या दोन-तीन पटींपेक्षा अधिक किंमत नाही. आणि चाचणीबद्दलची अट सर्वांत आधी लिहावी. ट्रॅक्टरची ओढ आज काँक्रीटच्या धावपट्टीवर मोजली जाते. या यंत्राची ओढ जुलैत, पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, समुद्रपूर किंवा देवळीकडच्या भारी रानात, उभ्या पिकात मोजावी. त्यानंतर त्याच तासांतली माती खणून ती किती दाबली गेली हे बघावे, आणि गुण देणाऱ्यांत त्या शेताची मालकीण असावी.